रिवालसरला दोन तासांत तीन धर्म बसवू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय की नाही ते तुम्हालाही कळेल. नोव्हेंबरच्या मध्यावर तुम्ही सहा जण चंदीगडहून गाडीने मनालीला निघताय. वाटेत मंडीजवळच्या रिवालसरला एकाच तळ्याभोवती हिंदू, बौद्ध आणि शीख अशी तिन्ही धर्मांची ठिकाणं आहेत असं ऐकलंत, म्हणून तिथे दोन तास काढायचं ठरवलंत. बरोबर तुमची आई आहे, पंढरीची वारी केलेली, आता गुडघ्यांनी हैराण. आणि सासरे आहेत, ज्यांनी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केलेल्या नाहीत, आयुष्यभर पाळल्यात. आईला गोंपात, म्हणजे तिबेटी बौद्ध मठात, जायचं म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, सासरे शंकराच्या देवळात पाऊल टाकणार नाहीत. तरी सगळ्यांनी सगळीकडे डोकं टेकवावं अशी तुमची इच्छा आहे, आणि दोन तासांत हे कसं जमवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी वीस-बावीस वर्षं लहान गट घेऊन हिमाचलात जातोय आणि रिवालसरला दर वर्षी एकदा तरी मुक्काम असतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण वेळेची नाही. ‘सगळ्यांनी सगळीकडे’ हा जो आग्रह आहे, तो अडचण आहे. तो सोडलात तर बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल.

सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करायचो. गाडीतून उतरलं की सगळ्यांची रांग लावायची, आधी देऊळ, मग गोंपा, मग गुरुद्वारा, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं, शेवटी तळ्याकाठी एक ग्रुप फोटो. एका वर्षी गटात एक निवृत्त गुरुजी होते, तुमच्या सासऱ्यांसारखेच. देवळाच्या दारात ते थांबले. मी म्हटलं, ‘चला की सर, नुसतं बघायचंय.’ ते आत आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि बाहेर आल्यावर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, ‘तुम्ही मला पाहुणा म्हणून आत नेलं असतंत तर मी आनंदाने आलो असतो. तुम्ही मला भाविकांच्या रांगेत उभं केलंत.’ तेव्हापासून ती रांग बंद केली.

आता गाव कसं आहे ते सांगतो. रिवालसर मंडीपासून साधारण २४ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,३६० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे उंचीचा त्रास होण्याची भीती नाही. गावाच्या मधोमध एक चौकोनी वाटावं असं छोटं तळं आहे, काठाने फिरलं तर पाऊण-एक किलोमीटर भरेल. बाकी सगळं त्या तळ्याकडे तोंड करून बसलेलं आहे. तिबेटी लोक या जागेला ‘त्सो पेमा’ म्हणतात, म्हणजे कमळाचं तळं. आठव्या शतकात तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारे आचार्य पद्मसंभव, ज्यांना ते गुरू रिन्पोचे म्हणतात, त्यांची कथा इथली आहे. जाहोर देशाची राजकन्या मंदारवा त्यांची शिष्या झाली, राजाला संशय आला आणि त्याने आचार्यांना चितेवर चढवलं. आग दिवसेंदिवस विझेना. शेवटी पाहतात तर चितेच्या जागी तळं आणि तळ्यात कमळावर आचार्य बसलेले. जाहोर म्हणजे मंडीच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही जण ते बंगालकडे नेतात. पण तिबेटी भाविकाच्या मनात शंका नाही, आणि तो पायी कोस न् कोस चालत येतो तो याच तळ्यासाठी.

हिंदूंसाठी हे लोमश ऋषींचं तपस्थान. काठावर त्यांचं, शंकराचं आणि कृष्णाचं देऊळ आहे. तुमच्या आईंना हे नाव सांगा. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला तीर्थयात्रा घडवणारे, प्रत्येक तीर्थाची कथा सांगत पुढे पुढे नेणारे ते हेच लोमश. यात्रेकरूंना हिंडवणं हाच माझा धंदा, त्यामुळे त्या देवळात मी जरा जास्त वेळ बसतो.

आणि शिखांसाठी हे गुरू गोविंदसिंगांच्या पायांनी पावन झालेलं ठिकाण. औरंगजेबाच्या विरोधात डोंगरी राजांना एकत्र आणण्यासाठी ते इथे आले होते, अशी परंपरा आहे. आजचा गुरुद्वारा मंडीचे राजा जोगिंदर सेन यांनी १९३० साली बांधला. हिंदू राजा, शिखांचा गुरुद्वारा, बौद्धांचं तळं. हे तिथे कोणी फलक लावून सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. गटाला आधीच, गाडीत असतानाच सांगून टाकतो: प्रत्येकाचं एक ठिकाण आपलं, बाकीची दोन पाहुणा म्हणून. आपल्या ठिकाणी जे करायचं ते मनसोक्त करा, कोणी घड्याळ दाखवणार नाही. पाहुणा म्हणून जाल तिथे चपला काढा, आवाज खाली ठेवा, वाटेत उभे राहू नका. नमस्कार करायलाच हवा असं कुठेच नाही. पुजारी, लामा, ग्रंथी, यांपैकी कोणीही इतक्या वर्षांत माझ्या एकाही माणसाला ‘डोकं का टेकवलं नाही’ असं विचारलेलं नाही. आणि ज्याला आतच जायचं नाही त्याने बाहेर काठावर बसावं, तिथून तळं सगळ्यांत छान दिसतं.

सासऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा वेगळी अडचण येऊ शकते. तुम्ही धरून चाललाय की गोंपात तरी ते अगदी घरच्यासारखे रमतील. तसं होईलच असं नाही. दीक्षाभूमीवरच्या किंवा आपल्याकडच्या बुद्धविहारातल्या शांत, एकट्या बुद्धमूर्तीची सवय असलेला माणूस गोंपात शिरतो आणि समोर काय बघतो? मिशा असलेले, डोळे वटारलेले, हातात वज्र आणि कवटीचं पात्र घेतलेले गुरू रिन्पोचे, बाजूला उग्र रूपातल्या देवता, तुपाचे दिवे, भिंतभर रंग. माझ्याबरोबर आलेल्या नागपूरच्या एका काकांनी मला तिथेच विचारलं होतं, ‘हे सगळं टाकूनच तर आम्ही धम्मात आलो, मग हे काय?’ प्रश्न रास्त आहे, तो दाबू नका. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला जो धम्म दिला त्याची वाट आणि हिमालयातल्या वज्रयानाची, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेची वाट वेगळी आहे, हे मोकळेपणाने मान्य करावं. मी काकांना एवढंच सांगितलं की आत शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांची मूर्तीही असते ती शोधा, आणि इथेही सुरुवात बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्यापासूनच होते. ते एका कोपऱ्यात बसले आणि पालीत त्रिसरण-पंचशील म्हणाले. शेजारी पोथी वाचत बसलेल्या लामांनी वाचन थांबवलं, ते संपेपर्यंत हात जोडून बसले, मग पुन्हा पान उलटलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, ‘पटलं नाही, पण बरं वाटलं.’ सासऱ्यांकडूनही याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

आईंचं सोपं आहे. त्यांना गुरुद्वारात न्याच, आणि नेण्याआधी दोन गोष्टी सांगा. एक, गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं आहेत. तिथे जो ग्रंथ रुमाल्याखाली ठेवलाय, ज्याच्यावर चवरी ढाळतात, त्यात पंढरीच्या नामदेवाचे शब्द आहेत. दोन, ज्या गुरू गोविंदसिंगांची ही जागा, त्यांनी देह ठेवला तो आपल्या नांदेडला, १७०८ साली. मी हे वारकरी मंडळींना सांगतो तेव्हा त्यांचं चालणंच बदलतं. एक आजी तर ग्रंथासमोर बसून हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल करायला लागल्या होत्या. सेवादाराने त्यांना थांबवलं नाही, उलट उठताना हात दिला.

मात्र गुरुद्वारा उंचावर आहे, शंभराच्या आसपास पायऱ्या आहेत. आईंच्या गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच. दुसरं सगळं टाळून शक्ती तिथे खर्च करायची, की पायथ्यापासून हात जोडायचे, हे त्यांच्या गुडघ्यांवर आणि त्या दिवशीच्या तब्येतीवर आहे, ते मी इथून सांगू शकत नाही. चढायचंच असेल तर सकाळी ताज्या पायांनी, दर दहा पायऱ्यांवर थांबत चढा. उतरताना त्यांच्या पुढे एक जण असू द्या, मागे नको. डोंगरावरची गुरू रिन्पोचेंची १२३ फुटी मूर्ती, जिची प्रतिष्ठापना दलाई लामांनी १ एप्रिल २०१२ ला केली, ती गावातून कुठूनही दिसते. आईंनी खालूनच बघितली तरी चालेल.

गुरुद्वाऱ्याचा एक नियम आपली माणसं हमखास विसरतात. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तंबाखू आत न्यायचा नाही, खिशातसुद्धा नाही. एकदा माझ्या गटातले एक गृहस्थ मत्था टेकायला वाकले आणि शर्टाच्या खिशातून चुन्याची डबी आणि पुडी थेट सतरंजीवर पडली. कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्या सरदारजींनी ती रुमालात उचलली आणि गुपचूप बाहेर नेऊन ठेवली. पण त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हा पुडी, विडी, मशेरी, जे काही असेल ते गाडीतच ठेवायला लावा. वयस्कर माणसांना मुद्दाम विचारा, ती स्वतःहून सांगत नाहीत. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा आणि टाकायचा नाही. लंगर चालू असेल तर जेवाच. खाली बसणं जमत नसेल तर तसं सांगा, आईंसाठी काही ना काही सोय करून देतात.

गोंपातले नियम थोडक्यात: डावीकडून उजवीकडे फिरायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. प्रार्थनेची चाकंही त्याच दिशेने फिरवायची. बसलात तर पाय मूर्तीकडे करू नका, पोथ्या ओलांडू नका, त्या जमिनीवर ठेवू नका. फोटो विचारून काढा, आणि पूजा चालू असेल तर विचारूही नका. मोमोच्या दुकानांत शाकाहारी आणि मांसाहारी एकाच भांड्यात उकडलेले असू शकतात. आईंना चालत नसेल तर आधी विचारून घ्या, किंवा सरळ राजमा-भात घ्या. मंडीत उतरलात तर तिथली सेपू बडी, पालकाच्या रश्श्यातल्या उडदाच्या वड्या, जरूर खा.

आता वेळ. दोन तास कशाला पुरतील? मंडीहून किंवा नेरचौकहून रिवालसरला जायला वळणावळणाचा तासभर, परत हमरस्त्याला लागायला तेवढाच. म्हणजे दोन तासांच्या दर्शनासाठी तुम्ही चार तास मोजताय, आणि तेही चंदीगडहून २०० किलोमीटर येऊन थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन, भर दुपारी. त्यापेक्षा पहिला मुक्कामच रिवालसरला करा. पर्यटन निगमाचं निवासस्थान आहे, गोंपांच्या अतिथीगृहांत साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, गुरुद्वाऱ्यातही उतरायची सोय होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघालात तरी संध्याकाळपर्यंत मनालीला पोचाल, मंडीहून ते ११० किलोमीटरच आहे. हे नोव्हेंबरचं म्हणून सांगतोय. पावसाळ्यात मंडी ते औट हा बियासकाठचा पट्टा दरडींचा, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जुलैत विचारलं असतंत तर मी जाऊच नका म्हटलं असतं.

मुक्काम करा म्हणतो त्याचं खरं कारण पहाट. दुपारी रिवालसर हे एक साधं गजबजलेलं गाव असतं, गाड्यांचे हॉर्न, माकडं, दुकानं. पहाटे साडेसहाच्या सुमारास उजाडायला लागतं तेव्हा तळ्यावर धूर असतो, आणि काठाने माणसं फिरत असतात. तिबेटी आज्या एका हातात माळ, दुसऱ्या हातात फिरतं चाक घेऊन कोरा करतात, म्हणजे प्रदक्षिणा. थंडीत स्पिती, किन्नौर, लडाखची माणसं खाली उतरतात, काही जण महिनाभर राहतात, त्यामुळे नोव्हेंबर हा चांगला काळ आहे. कोणी साष्टांग दंडवत घालत पूर्ण फेरी करत असतं. त्यांच्या तळहातांना लाकडी फळ्या बांधलेल्या असतात, त्या फरशीवर घासत पुढे जातात तो ‘सर्रर्र’ आवाज अंधारात आधी ऐकू येतो, माणूस मागून दिसतं. देवळातली घंटा, वरून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन आणि खाली तो घासण्याचा आवाज.

ही एक फेरी तेवढी तुम्ही सहाही जणांनी मिळून करावी असं मला मनापासून वाटतं. पाण्याभोवती उजव्या हाताने फिरण्यात सासऱ्यांची कुठलीच प्रतिज्ञा मोडत नाही, आणि आईंना प्रदक्षिणा शिकवायला नको. वाट सपाट आहे, मध्ये बसायला जागा आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एक आजी अशाच बाकावर टेकल्या होत्या, शेजारी एक तिबेटी आजी. दोघींच्या हातात माळ. आमच्या आजींनी आपली तुळशीची माळ पुढे करून बोटांनी १०८ ची खूण केली. तिने आपली दाखवली, तीही १०८ ची. पण तिच्या माळेला दोन लहान दोऱ्या जास्तीच्या लोंबत होत्या, दहा-दहा मण्यांच्या. ‘हे कशाला गं?’ आमच्या आजींनी सरळ मराठीत विचारलं. तिथून जाणाऱ्या एका तरुण भिक्षूने हिंदीत सांगितलं की एक माळ पूर्ण झाली की त्या दोरीवरचा एक मणी सरकवायचा, म्हणजे मोजदाद चुकत नाही. आजी म्हणाल्या, ‘हे बरंय, माझी नेहमी चुकते.’ पुण्याला परतल्यावर त्यांनी सुनेकडून आपल्या माळेला तशी दोरी ओवून घेतली.

तळ्यातल्या माशांबद्दल एक सांगायलाच हवं. काठाशी उभं राहिलं की शेकडो मासे तोंडं वर काढून गर्दी करतात. दुकानांत त्यांच्यासाठी चुरमुरे, बिस्किटं, कणकेच्या गोळ्या मिळतात. माशांना इथे पवित्र मानतात, कोणी मारत नाही, म्हणून खायला घालणं हे पुण्य वाटतं. पण तळं लहान, बाहेर जाणारं पाणी थोडं, आणि टाकलेलं अन्न तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं. २०१७ साली इथे मासे मोठ्या संख्येने मेले होते. मी तेव्हापासून गटातल्या कोणालाही काही टाकू देत नाही. लहान मुलं हट्ट करतात, त्यांना वाईट वाटतं, तरीही नाही. तुम्हीही टाकू नका. पुण्य हवं असेल तर तेच पैसे लंगरच्या किंवा गोंपाच्या पेटीत टाका. त्यापेक्षा मुलांना पाण्यावरची तरंगती बेटं शोधायला लावा, गवताची, वाऱ्याने सरकणारी. भाविक मानतात की त्यांत गुरू रिन्पोचेंचा वास आहे.

वेळ उरला तर वर नैना देवीचं देऊळ आणि गुहा आहेत, रिवालसरपासून दहाएक किलोमीटर. वाटेत कुंत भयो नावाचं तळं लागतं. कुंतीला तहान लागली म्हणून अर्जुनाने बाण मारून पाणी काढलं, अशी तिथली कथा आहे. गुहांमध्ये पद्मसंभव आणि मंदारवा यांनी साधना केली असं मानतात. तिथे आजही भिक्षुणी एकांतात राहतात, बंद दारं वाजवू नका. पण सहा जणांत दोन ज्येष्ठ असताना मी हे वगळलं असतं.

तेव्हा तुमच्यासाठी माझा बेत असा. चंदीगडहून लवकर निघून संध्याकाळी रिवालसर, जेवून लवकर झोप. पहाटे सगळ्यांची एक फेरी. मग सासरे गोंपात, आई लोमश ऋषींच्या देवळात, तुम्ही आणि मुलं जिथे मन लागेल तिथे. त्यानंतर गुरुद्वारा, गुडघे म्हणतील तेवढ्या पायऱ्या. दहाला गाडीत. आईंच्या काठीला नवं रबरी बूड लावून घ्या, पहाटे दव पडून काठावरची फरशी निसरडी होते. आणि दोघांनाही कानटोपी द्या, तळ्यावरून येणारा वारा थेट कानात शिरतो.